चौकोनी की अष्टकोनी?

सप्टेंबरात एका रविवारी पुतण्याचा तीर्थपुरीहून फोन आला. पाऊसपाणी नाही, कपाशी नाही, ऊस नाही. थेट मुद्दा. "काका, गेट कोणतं घेऊ? चौकोनी का अष्टकोनी?"

शेजारी बसलेल्या बायकोला वाटलं, मळ्याला गेट बसवतायत. ती लगेच म्हणाली, "चौकोनीच बरं, बैलगाडी आत यायला." तिला समजावून सांगेपर्यंत फोन कट झाला होता. (तीर्थपुरीच्या रेंजबद्दल स्वतंत्र लिहायचं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.)

तर हे गेट म्हणजे व्हिडिओ गेमच्या लिव्हरचं गेट. मारामारीचे गेम खेळायला जी आर्केड स्टिक मिळते, म्हणजे मांडीवर घ्यायचा डबा, डाव्या हाताला गोळा लावलेला दांडा आणि उजव्या हाताला बटणं, त्या डब्याच्या पोटातली ही एक प्लास्टिकची चकती. दीड-दोन इंचांची असेल. पण हिच्यावरून लोक तासन् तास भांडतात, आणि मीही भांडतो. त्या दिवशी पुतण्याला मी फोनवर फार मोठं भाषण दिलं. ते अर्धं चूक होतं असं आता वाटतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी नातेवाइकांसाठी थोडं सविस्तर. जाणकारांनी दोन परिच्छेद गाळावेत.

दांडा मधोमध एका जागी टेकलेला असतो आणि तिथंच डोलतो. त्यामुळे वरून तो पुढं ढकलला की आतलं खालचं टोक मागं जातं. (हे लक्षात ठेवा, पुढं याच्यावरून आमची फजिती झाली आहे.) खालच्या टोकाभोवती चार बाजूंना चार बारके स्विच. एक दाबला गेला तर सरळ दिशा, शेजारचे दोन एकदम दाबले गेले तर तिरकी दिशा, एकही नाही तर पठ्ठ्या उभा. बस्स. गेमला एवढंच कळतं. चार स्विचांतून आठ दिशा. आणि त्या स्विचांच्या खाली ही चकती, मधोमध भोक असलेली. भोक चौकोनी, अष्टकोनी किंवा गोल. दांड्याचं टोक त्या भोकाच्या भिंतीपर्यंत जातं आणि अडतं. गेट गेमला काहीही सांगत नाही. ते फक्त हाताला सांगतं की इथून पुढं जागा नाही.

जपानी पार्लरांत वर्षानुवर्षं चौकोनी गेट रूढ आहे. सानवा नावाच्या कंपनीचा जेएलएफ दांडा जगभर सगळ्यात जास्त लावला जातो, तो चौकोनी गेटसहच येतो. त्याचं गेट स्क्रू न काढता नुसत्या खिट्ट्या दाबून निघतं, म्हणून तर लोकांना बदलाबदली करायचा चाळा लागतो. कोरियात वेगळीच तऱ्हा. तिथं स्प्रिंगऐवजी रबर असतं आणि कडं गोल, त्यामुळे दांडा सोडला की रबर त्याला मध्ये खेचून आणतं. टेकन खेळणारे पुष्कळ लोक त्याचीच शपथ घेतात. आणि जुन्या पॅकमॅनला (१९८०) तिरकं जाणं नकोच असतं. तिथं तेच चौकोनी भोक ४५ अंशांत फिरवून काजूकतलीसारखं करतात, म्हणजे टोक चार सरळ दिशांच्या कोपऱ्यांतच घुसतं, तिरपं जाऊच शकत नाही. एकाच भोकाचे असे दोन उपयोग.

आता माझं भाषण.

नव्या माणसाला सगळे सांगतात, अष्टकोनी घे. कारण त्याला आठ खाचा असतात, प्रत्येक दिशेला एक. हाताला कळतं आपण कुठं आहोत. ऐकायला एकदम पटतं. मलाही पटलं होतं, मी एक विकतही घेतलं होतं, आणि महिन्याभरात ते कपाटाच्या खणात गेलं. कारण खाच कळते ती भिंतीला टेकल्यावर. स्विच तर त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. भिंतीला टेकून खाच चाचपडत बसायची सवय लागली की हात कायमचा मंद होतो. मग उडी मारायच्या वेळी दांडा आधी त्या खाचेतून बाहेर काढा, मध्ये आणा, मग वर न्या. तोवर समोरच्यानं लाथ घातलेली असते.

थोडं गणित करतो. समजा मधोमधपासून भिंत जितकी लांब, त्याच्या निम्म्या अंतरावर स्विच लागतो. चौकोनी भोकाच्या भिंतीवरून बोट फिरवलं तर निम्म्या लांबीवर सरळ दिशा लागतात आणि उरलेल्या निम्म्या लांबीवर, म्हणजे कोपऱ्यांच्या आसपास, तिरक्या. बरोब्बर निम्मी-निम्मी वाटणी. तेच भोक गोल करा. आता प्रत्येक सरळ दिशेला ६० अंश आणि प्रत्येक तिरकीला फक्त ३०. स्विच तेच, हात तोच, पण तिरक्या दिशेचा वाटा सरळ दिशेच्या निम्म्यावर आला. आठ खाचांचं अष्टकोनी गेट म्हणजे जवळजवळ हे गोलच, खाचा पाडलेलं. आणि तो स्विच आणखी उशिरा लागणारा असेल, म्हणजे भिंतीच्या अंतराच्या ७० टक्क्यांच्या पुढं, तर गोल गेटमध्ये तिरकी दिशा लागणारच नाही! कागदावर काढून बघा.

आणि तिरकी दिशा ही काही चैन नाही. स्ट्रीट फायटर २ (१९९१) मधला गाईल आठवा. तो खाली-मागं दबून बसतो. तिथं बसल्यानं खालचे वारही अडतात आणि त्याच्या दोन्ही पॉवरची तयारीही होत राहते. चौकोनी गेटमध्ये दांडा कोपऱ्यात ढकलून द्यायचा आणि विसरून जायचं. कोपरा त्याला धरून ठेवतो. गोल गेटमध्ये तो हळूच सरकतो, आपण नुसतेच मागं चालायला लागतो आणि पायावर लाथ बसते. कळतही नाही का बसली.

एवढं सगळं सांगून मी म्हणालो, "चौकोनीच घे. पहिला महिना कोपऱ्यांत अडकशील, रडशील, पण भिंतीला न टेकता खेळायला शिकशील." पोरगं "हो काका, बरं काका" म्हणालं. थोडा वेळ गप्प राहिलं, मग म्हणालं, "पण काका, भिंतीला टेकल्याशिवाय ज्याला जमतच नाही त्यानं?" मी म्हणालो, "सगळ्यांना जमतं."

इथं जरा मागं जावं लागेल.

१९९८-९९ च्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आम्ही दोघं चुलतभाऊ, मी आणि दादा, अंबडमार्गे एसटीनं जालन्याला आत्याकडं जायचो. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आत्याच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. पत्र्याचं छत, आत चार मशीन, एक कायम बंद. रुपयाला एक डाव. एकावर 'मुस्तफा' (त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं) आणि एकावर किंग ऑफ फायटर्स ९७. उसाला पाणी दिल्याचे जे पैसे दादाला मिळायचे ते सगळे तिथं जायचे. आत्याला आम्ही वाचनालयात जातो असं सांगितलेलं होतं. आत्या आता हे वाचेल, तर आत्या, सॉरी :)

दादा इओरी घ्यायचा. तिथल्या मोठ्या पोरांनाही हरवायचा. इओरीची मोठी पॉवर म्हणजे खाली, तिरपं, पुढं, आणि तिथूनच परत तिरपं, खाली, मागचं तिरपं, मागं. सात थांबे आणि मग बटण. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत. दादाचा डावा हात बघण्यासारखा असायचा. तळवा वर, दांडा करंगळी आणि अनामिकेच्या मध्ये धरलेला, मनगट नुसतं हलल्यासारखं व्हायचं आणि पडद्यावर इओरी समोरच्याला फाडत असायचा. ती पकड त्याला कुणी शिकवली नव्हती. जपानातले मोठमोठे खेळाडू असाच दांडा धरतात हे मी पुढं इंटरनेटवर पाहिलं तेव्हा मला फार अभिमान वाटला, जसा काही मीच धरत होतो.

त्या मशीनचं डाव्या बाजूचं खालचं-उजवं तिरपं मेलेलं होतं. दोन स्विच एकदम लागायचेच नाहीत. म्हणून उजव्या बाजूला उभं राहायला मारामाऱ्या व्हायच्या. एकदा मालकानं मशीन उघडलं तेव्हा मी डोकावून पाहिलं. दांड्याखालचं भोक मुळात चौकोनी असणार, पण भिंती मधून झिजून झिजून पोटं सुटल्यासारख्या झाल्या होत्या. कोपरे नावालाच उरले होते. दादा ज्यावर शिकला ते गेट असं होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

२०११ साली दादाचा डावा हात कडबाकुट्टीत गेला. करंगळी पूर्ण, अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत. बाकी हात वाचला, ट्रॅक्टर चालवतो, वेल्डिंग करतो, सगळं करतो. पण तेव्हापासून फोटोत त्याचा डावा हात खिशात असतो. नातेवाइकांनो, तुम्ही आपापले अल्बम काढून बघा.

गेल्या दिवाळीत गावी जाताना मी माझी स्टिक आणि लॅपटॉप घेऊन गेलो. पुतण्याला प्रत्यक्ष दाखवावं म्हणून. खणातलं ते अष्टकोनी गेटही पिशवीत टाकलं, त्याला 'हे का नको' ते दाखवायला. पाडव्याच्या दुपारी डबा पलंगावर ठेवला, पोरानं दोन मिनिटं दांडा हलवला आणि म्हणाला, "काका, मला काय करायचंय? मी मोबाइलवर खेळतो. पप्पांना घ्यायचंय." अकरावीतलं पोरगं, सुट्टीत दुकानावर बसून साठवलेले पैसे.

भिंतीला टेकल्याशिवाय ज्याला जमतच नाही, तो हा.

दादाला बोलावलं. आधी नाही म्हणाला. "काहून रे, आता ह्या वयात?" मग मी त्याला हांगझोऊच्या एशियाडचं सांगितलं. २०२३ साली तिथं स्ट्रीट फायटर ५ ला चक्क पदक होतं, भारताचेही दोघं गेले होते, आणि सुवर्णपदक मिळवणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचा होता. (जे काका-मामा मला 'अजून पोरखेळ सुटला नाही' म्हणतात त्यांनी हे दोनदा वाचावं.) दादा हसला, बसला, आणि डावा हात खिशातून काढून दांड्यावर ठेवला.

जुनी पकड आता शक्यच नाही, ती दोन बोटंच नाहीत. त्यानं वरून गोळा धरला, अंगठा आणि दोन बोटांनी, तळवा वरून दाबून. अशा हाताला अलगद थांबता येत नाही. दांडा भिंतीपर्यंत जातो आणि भिंतीवरून घासत फिरतो. चौकोनी भोकाची कड गोलापेक्षा सव्वापट लांब, वर प्रत्येक कोपऱ्यात टोक शिरून बसतं. इओरीचे सात थांबे होईपर्यंत गेम वाट बघत नाही. एकदाही पॉवर निघाली नाही. वीस-पंचवीस वेळा तरी केलं असेल. "ह्यो कोपरा आडवतोय," एवढंच म्हणाला, आणि मळ्यात मोटर चालू करायची म्हणून उठून गेला. लाइट रात्रीची होती, दुपारची नव्हती.

मी आणि पोरानं अष्टकोनी गेट बसवलं. संध्याकाळी दादाला पुन्हा बसवलं. तेही नाही. उलट आणखी वाईट. आठही खाचांत टोक टेकत टेकत जातं, पॅसेंजर गाडीसारखं. म्हणजे ज्या खाचांमुळे नवशिक्याला दिशा कळते म्हणतात त्याच ह्या हाताला ब्रेक लावत होत्या. माझा अष्टकोनीवरचा राग बरोबर निघाला, पण मला त्याचा आनंद झाला नाही. ह्या हाताला चौकोनीही चालत नव्हतं आणि माझं सगळं भाषण चौकोनीच्या बाजूनं होतं.

गोल गेट जवळ नव्हतं. दिवाळीत कोण पाठवणार? दादानं चौकोनी गेट हातात घेतलं, उजेडात धरलं, फिरवून पाहिलं, जसा तो मोडलेला नांगराचा फाळ बघतो तसं. म्हणाला, "त्या पार्लरात असं नव्हतं." मग मला ते पोट सुटलेलं भोक आठवलं आणि मी सांगितलं. "मग कोपरे बुजवू," दादा म्हणाला. "चारी?" "वरचे काहून बुजवायचे? उडायला काय अडतंय. खालचे दोनच."

दुकानातून एम-सील आणलं. माझं चांगलं, सहा वर्षं जपलेलं गेट. मी तोंडानं हो म्हणालो. दोन कोपऱ्यांत त्यानं हरभऱ्याएवढी गोळी दाबून बसवली आणि ओल्या बोटानं गोलाई दिली. कोपरा पूर्ण नाही मिटवला, थोडी खळगी ठेवली. रात्रभर वाळू दिलं, सकाळी पॉलिश पेपरनं घासलं. बसवलं. आणि काहीच फरक नाही! खाली तसंच अडतंय, आणि आता वर उडी मारताना दांडा घसरतोय.

पोरगं हसायला लागलं. दांडा मध्ये टेकलेला ना, वरून खाली ओढला की आतलं टोक उलट्या बाजूला जातं. आम्ही उड्यांचे कोपरे बुजवले होते. वेल्डिंगवाला दादा आणि फोनवर गणित सांगणारा मी, दोघांच्याही लक्षात आलं नाही. नशीब की चूक दुरुस्त करायला पुन्हा एम-सील लागलं नाही. गेट काढलं, अर्धा फेरा फिरवून बसवलं.

सातव्या-आठव्या वेळी इओरी सुटला.

दादा काही बोलला नाही. त्यानं परत केलं, परत सुटला, मग दोन वेळा नाही, मग परत. दहात चारच्या आसपास. मी शेजारी बसून मोजत होतो. जेवायची हाक आली तरी उठला नाही. वहिनी येऊन दारात उभ्या राहिल्या, त्यांनी आधी पडदा नाही बघितला, हात बघितला.

आता कुणी विचारलं तर मी काय सांगणार? दहाही बोटं असलेल्या, धडधाकट, वेळ असलेल्या माणसाला मी अजूनही चौकोनीच सांगेन आणि पहिला महिना सोसायला सांगेन. वर केलेलं गणित खोटं नाही. पण हल्ली मी आधी विचारतो, दांडा धरतोस कसा? करून दाखव. भिंतीला टेकतोस का, आणि टेकत असशील तर सवय म्हणून की नाइलाज म्हणून? सवय असेल तर गेट बदलून ती जाणार नाही, उलट मुरेल. नाइलाज असेल तर गेट बदल, बुजव, घास, काय वाटेल ते कर. 'नवशिक्यांसाठी अष्टकोनी' ही जी सरसकट चिठ्ठी लोक लिहून देतात तिचा मला अजूनही राग आहे, पण 'सगळ्यांना जमतं' हे माझं वाक्य तिच्याहून वाईट होतं. आणि ते मी ज्याच्या बोटांबद्दल मला पूर्ण ठाऊक होतं त्याच्याच घरी फोन करून बोललो.

दादाच्या गेटचाही तोटा आहे, तो सांगायला हवा. खाली-मागं दबून बसला की कोपरा त्याला पूर्वीसारखा धरून ठेवत नाही. खळगी आहे म्हणून थोडा टेकू मिळतो इतकंच. खालच्या लाथा त्याला बसतात. त्यानं ठरवून केलेला सौदा आहे तो.

दांडाच नको, नुसती बटणं असलेला डबा घ्यावा असंही काही जण म्हणतील. चारही दिशांना बटणंच, आणि बरेच चांगले खेळाडू आता तिकडं वळले आहेत. स्ट्रीट फायटर ६ (२०२३) मध्ये तर सोपी पद्धत आहे, एक दिशा आणि एक बटण, की पॉवर निघते, गोल फिरवायचंच नाही. मी दादाला दोन्ही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यात दांडा कुठं हाय?"

माझी स्टिक तीर्थपुरीतच राहिली. पोराचे पैसे मी घेतले नाहीत, त्यावरून वहिनींशी थोडं वाजलं, शेवटी त्यांनी दोन किलो तूर डाळ आणि गुळाची ढेप गाडीत टाकली. मी नवीन दांडा मागवला. चौकोनी गेटचाच.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन होता. म्हणाला, तिरपं आता नीट लागतंय, दहात सहा-सात. "पर हे पोरगं म्हणतंय, पप्पा गाईल घ्या, कोपऱ्यात नुसतं बसून ऱ्हा, जिंकताल. मव्ह्याच्यानं नाही बसून ऱ्हावत."